आक्काआजीची कडी

नील, सई — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ते होते तोवर सांगितलं नाही, तुमच्या बाबालाही नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण माझं इंग्रजी सांताक्रूझच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं आणि पुढे ऑफिसात वापरून गुळगुळीत झालेलं. त्या भाषेत मी काहीही लिहिलं तरी त्याचा खुलासा होतो, आणि खुलासा मला द्यायचा नाही. बाबाला शेजारी बसवून वाचा — नाही, नकोच. सावकाश, तुमचे तुम्ही वाचा.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सई माइक बंद ठेवूनच कितीतरी वेळ बोलत होती. नील, तू ओरडलास, "सई, आक्काआजीची कडी!" सगळे हसले. मीही हसले. आपल्याकडे कुणी काही विसरलं की हेच म्हणायचं — किल्ली राहिली, पासवर्ड आठवेना, आक्काआजीची कडी. बाबाने तुम्हाला ते शिकवलं आणि तुम्ही तिकडे लंडनला वाढवलंत. नील, तू तिच्या मांडीवर एकदाच बसलास. सई, तू तर तिला फोटोतच पाहिलंस — काखेत कोंबडी धरलेली, उन्हामुळे डोळे बारीक केलेली बाई. तुमच्या लेखी ती एवढीच आहे. कडी घालायला विसरली ती.

कॉल संपल्यावर मी कागद काढला. किती वर्षं हसते आहे मी या विनोदावर?

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. मालवणच्या बाजूचं गाव सोडून आमच्याकडे मरोळला आली आणि राहिली. तेव्हा आमचं बैठं घर होतं. आता तिथे टॉवर आहे, म्हणून तुम्हाला ते परसू समजावून सांगावं लागेल. घराच्या मागे पेरूचं झाड, जास्वंद, कपडे धुवायचा दगड. मग कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे एका बंद कारखान्याची पडीक जमीन आणि तिला लागून नाला. त्या जमिनीत माणूस जात नसे. गवत, गंजलेले पत्रे, घाणेरीची जाळी. दुपारी तिकडून काहीतरी सरपटल्यासारखा आवाज यायचा आणि मग एकदम शांत व्हायचं. ती शांतता मला आवाजापेक्षा वाईट वाटायची.

आक्कांनी या परसात कोंबड्या आणल्या. आधी त्या मोकळ्याच फिरत. घार आली, एक पिल्लू गेलं. शेजारचा बोका आला, दुसरं गेलं. आक्का रडत नसे, शिव्या द्यायची. "मेल्यानु, तुमका दुसरा काय गावाक नाय?" असं आकाशाकडे बघून. आणि मला कोंबड्यांपेक्षा त्यांची घाण खुपायची. धुतलेल्या दगडावर, पायरीवर, सगळीकडे. तुम्ही मला ओळखता. माझ्या डब्यांवर नावं लिहिलेली असतात. मग मी ठरवलं की कोंबड्यांना नीट, सुरक्षित, फिरायला पुरेशी अशी बंदिस्त जागा करायची. ते काम मी किती मन लावून केलं! इंटरनेटवर सगळं वाचलं. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्या दातांना थांबवत नाही, म्हणून साकीनाक्याहून जाड, चौकोनी वेल्डिंगची जाळी आणवली. ती जमिनीत खोल पुरली आणि तिचा तळ बाहेरच्या बाजूला वळवला, म्हणजे कुणी उकरत आलं तरी अडेल. वर घारीसाठी दुसरी जाळी. जास्वंद आत घेतली, सावलीला आणि लपायला. एका बाजूला बुटकं दार, त्याला कडी. चौथी बाजू म्हणजे मागची भिंत.

त्या भिंतीला तळाशी पाणी जायची मोरी होती. ती कायमची बुजवता येईना, कारण परसू धुतलं की पाणी तिथूनच नाल्याकडे जायचं. म्हणून तिच्यात एक वीट बसवायची, धुताना काढायची, पुन्हा बसवून बाजूने माती दाबायची, असं ठरलं.

आणि मी कामं वाटून दिली. माझ्या ऑफिसात मी विम्याचे दावे तपासायचे. नुकसान कशाने झालं, कुणाच्या हयगयीने झालं, हे ठरवण्यात माझी नोकरी गेली. एका कामाला एक माणूस असला की गोंधळ होत नाही, हे माझं तत्त्व. दाराची कडी आक्कांकडे. मोरीची वीट माझ्याकडे.

आक्का हसली. "गो शालू, कोंब्यांका तू सरकारी नोकरीत घातलंस काय?"

पण तिला आवडलं होतं. संध्याकाळी ती आत खुर्ची टाकून बसायची आणि कोंबड्या तिच्या पायांवरून चालत जायच्या. तिच्याशी बोलताना मी कधी तेवढी मोकळी झाले नाही.

आता मुंगसाचं सांगते. हे सांगायला मला कडीपेक्षा जास्त लाज वाटते — वेडेपणा आहे, पण वाटते. पलीकडच्या जमिनीत एक मुंगूस होतं. आमच्याकडे मुंगूस दिसणं शुभ मानतात. घरातून निघताना त्याचं तोंड दिसलं तर काम होतंच. लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखव म्हणायचो. मोठेपणी मी यावर हसायचे. आजोबा परीक्षेच्या दिवशी बाबाच्या हातावर दही घालायचे तेव्हाही मीच हसायचे. पण माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आणायला निघाले होते, त्या सकाळी ते भिंतीवरून गेलं आणि थांबून माझ्याकडे वळून पाहिलं. रिपोर्ट चांगला आला. बाबाचा व्हिसा झाला त्या सकाळीही दिसलं. मग मी त्याची वाट बघायला लागले. महत्त्वाचं काही असलं की स्वयंपाकघराच्या खिडकीशी, कुणाला कळणार नाही असं, हातात उगाच ताटली धरून, मी उभी राहायचे. ते मोरीतून यायचं, कोंबड्या फडफडून पेरूवर चढायच्या, ते जास्वंदीखालून निघून जायचं.

जाळी झाली आणि मोरीत वीट बसली, तसं ते यायचं बंद झालं. कधी भिंतीवर दिसायचं, पण पाठमोरं. निदान मला तसं वाटायचं. आक्कांना बरं वाटलं. "ती वीट मात्र काढून ठेवू नको गो," एकदा म्हणाली. "त्येचो डोळो असा हय. मिया बघलंय." मी म्हटलं, "आक्का, वीट माझं काम आहे. तुम्ही कडीचं बघा."

नील, मग तू आलास. वेळेच्या फार आधी, आणि हृदयात दोष घेऊन. बाबाचा फोन आला की उद्या ऑपरेशन आहे, त्यांच्या सकाळी, म्हणजे आपली दुपार. त्याचा आवाज मला ओळखू येईना. तुझ्या जगण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते त्याने अर्धंच सांगितलं. आजोबा तेव्हाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटेही देवळात जाऊन बसले. मला देवळात जाता येत नव्हतं. इतकी वर्षं हसल्यावर कोणत्या तोंडाने जाणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी कोंबड्यांना जाळीच्या आतल्या खुराड्यातून मोकळं सोडलं, दाणे टाकले, बाहेर आली, कडी घातली. मी खिडकीतून पाहिलं. कडी घातली, आणि नेहमीप्रमाणे एकदा ओढून बघितली. मग ती अंघोळीला गेली. न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला. मी परसात गेले, कडी काढून आत शिरले, भिंतीशी वाकून मोरीतली वीट काढली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवली. बाहेर येऊन कडी घातली. मीही ओढून बघितली. काय करते आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एवढंच मनात होतं की ते येईल, तोंड दाखवेल, जाईल. मी लगेच वीट लावीन. पण पूर्वी कोंबड्या झाडावर चढायच्या. आता वर जाळी होती, चारी बाजू बंद होत्या. सगळं मीच तर इतकं घट्ट केलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही? की आलं, आणि मी ते बाजूला ठेवलं?

मी खिडकीशी उभी राहिले. ऊन भिंतीवरून उतरत होतं. कोंबड्या माती उकरत होत्या. मग त्यातल्या एकीने मान वर केली आणि तशीच राहिली. दुसरीनेही. मोरीच्या भोकात आधी काहीच नव्हतं — मग दोन तांबूस डोळे होते. ते डोकं बाहेर आलं आणि, खरं सांगते, त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी हात जोडले. मला रडू आलं. आनंदाने. त्याच क्षणी आतला फोन वाजला आणि मी धावले. बाबाच होता, तुला आत न्यायची तयारी सुरू झाली होती. "आई, बोल काहीतरी," तो म्हणाला. मी म्हटलं, "होईल सगळं नीट, मला माहीत आहे." परसातून आवाज यायला लागला होता. तो मला ऐकू येत होता. जाळीवर आपटल्याचा, पुन्हा आपटल्याचा. मी फोन ठेवला नाही. बाबा रडत होता, फोन कसा ठेवणार होते — हे मी स्वतःला नंतर सांगितलं. खरं हे, की मला वाटलं, आत्ता जाऊन त्याला हाकललं तर? शुभ म्हणून आलेल्याला दगड मारला तर तिकडे काय होईल? आणि मग आवाज थांबला. त्या शांततेचं मी वर लिहिलंच आहे.

परसात गेले तेव्हा ते निघून गेलं होतं. त्याने फारसं खाल्लंही नव्हतं. नुसत्या माना. एक कोंबडी दाराच्या कोपऱ्यात जाळीत डोकं खुपसून मेली होती. बाहेर पडायला तिला तेवढीच जागा सापडली असावी. मी आधी काय केलं? तिला काढलं नाही. मी आत जाऊन वीट उचलली, मोरीत बसवली, बाजूने माती दाबली. पायाने सारखी केली. बाहेर येताना कडी घातली नाही. ती लोंबत राहिली. मुद्दाम ठेवली की घाईत राहिली, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. मी कधीही कडी घाईत विसरलेली नाही.

आक्का ओल्या केसांनी आली. ओरडली नाही. जाळीला धरून उभी राहिली. तोवर आजोबाही देवळातून आले होते. त्यांनी जाळी हलवून पाहिली, वरची पाहिली, उकरलंय का पाहिलं. "सगळं तर शाबूत आहे. आत आलं कुठून?"

आक्का माझ्याकडे वळली. आजोबांकडे नाही, माझ्याकडे. "शालू, मिया कडी घातललंय मा गो?"

मी तिला घालताना पाहिलं होतं. ओढून बघताना पाहिलं होतं.

मी म्हटलं, "आक्का, कडी उघडी होती."

एवढंच. आवाजही चढवला नाही. आजोबा म्हणाले, "जाऊ दे गं आक्का, होतं असं वयाने." आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

दुपार सरता सरता फोन आला. तुझं ऑपरेशन नीट झालं होतं. आजोबांनी पेढे आणले. मी एक आक्कांच्या हातावर ठेवला आणि तिने तो खाल्ला. नील, तुला वाचवलं ते त्या डॉक्टरांनी. त्या मुंगसाने नाही, आणि मी तर मुळीच नाही. हे मला आज जितकं स्पष्ट आहे तितकं तेव्हाही होतं. तरी त्या संध्याकाळी एक विचार मनात येऊन बसला की देणं फिटलं, हिशोब मिटला. कुणाचं देणं? आणि कुणाच्या खिशातून?

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. पण आक्का विसरली नाही. तिने फक्त स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडलं. गॅस बंद केला का, म्हणून उठून बघायची. पुन्हा बघायची. देवळात निघाली की गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि परत यायची, "कुलूप लावलंय मा गो?" तोंडात घास असताना विचारायची, भातात मीठ घातलंय का. दर वेळी मला. कारण मी नीटनेटकी, मी इंग्रजी शिकलेली, माझं कधी काही चुकत नाही. आणि मी उत्तर द्यायचे. एकदाही म्हटलं नाही, की तुम्ही विसरला नव्हता. कितीदा संधी होती? संधी कशाला म्हणायचं, रोजच होती. उलट मला सोय झाली. गॅसचं काम मी तिच्याकडून काढून घेतलं, मग किल्ल्या घेतल्या. सुरक्षिततेसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. कोंबड्या पुन्हा आणू म्हणाली तर मी म्हटलं, "आता जमणार आहे का तुम्हाला?" ती म्हणाली, "खराच गो. नाय जमायचा."

पुढे डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, विसरणं कधीपासून, काही उदाहरण? आक्का माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी. मी सांगितलं, "कोंबड्यांच्या वेळेपासून. दाराची कडी उघडी राहिली, तेव्हा आमच्या पहिल्यांदा लक्षात आलं." डॉक्टरांनी मान हलवली. आक्कांनीही हलवली. तेच खोटं, दुसऱ्यांदा, आणि या वेळी मला कुणी घाईत पकडलेलं नव्हतं.

तिला खरंच विसरण्याचा आजार होता का? पुढे झाला असेल. की एका बाईला सगळ्यांनी मिळून ती विसरते असं इतकं पटवलं, की ती विसरायला लागली? मला माहीत नाही. आणि माहीत नसण्याचा फायदा मला नको. तिच्या आजाराची सुरुवात म्हणून मी जे सांगितलं, ते घडलेलंच नव्हतं.

तिला गावी पाठवायचं ठरलं, दूरच्या भाच्याकडे. बाबाही फोनवर म्हणाला, आईला झेपत नाही. मी नको म्हटलं नाही. जाताना मी तिची बॅग भरली, प्रत्येक पुडीवर नाव लिहिलं. दारात तिने माझा हात धरला.

"त्या दिवशी तू माका बोल लावलंस नाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी घर डोक्यार घेतल्यान असता. तू व्हतंस म्हणान."

मी काय म्हणाले? "आक्का, गाडी चुकेल."

त्यानंतर मी दर रविवारी तिला फोन करायचे. त्याबद्दलही तुम्ही माझं कौतुक ऐकलं असेल. पहिल्यांदा ती गावच्या गोष्टी सांगायची, पुढे कमी बोलायला लागली. माणसांची नावं गेली. आजोबांचं गेलं. माझं राहिलं. शेवटच्या फोनला मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती हळूच, कुणी ऐकू नये असं, मला म्हणाली —

"शालू, मिया जेवलंय काय गो? हय विचारूक भय वाटता. तुका म्हायत असतला."

मी मरोळला, ती तिकडे. मला कसं माहीत असणार?

"हो आक्का," मी म्हटलं. "जेवलात तुम्ही."

"जेवलंय मा? बरा तर," ती म्हणाली. एवढ्याने तिचं समाधान झालं. माझा शब्द होता ना तो.

मी फोन ठेवला. भाच्याला फिरून फोन करून विचारलं नाही, आक्कांना जेवायला वाढलं होतं का.